समुद्री शेवाळातलं गंधक कसं मोजावं : दारव्ह्याच्या एका लॅबमधून

मागच्या खरिपात मामाजी कृषी केंद्रातून एक बाटली घेऊन आले. हिरवट काळं पाणी, झाकण उघडलं की सुकट-बोंबलाच्या पिशवीसारखा वास. ओसरीवर ती माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "सूनबाई, दुकानवाला म्हणे हे समुद्रातलं शेवाळ हाय, याच्यात लय गंधक असते. सोयाबीनले भेटते म्हणे. पाय बरं तुह्या लॅबात."

मी दारव्हा तालुक्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमच्या लॅबमध्ये एक कलरीमीटर (द्रावणात प्रकाश किती अडतो ते मोजणारं यंत्र), एक ओव्हन, एक मफल फर्नेस म्हणजे कडक तापणारी छोटी भट्टी, आणि चार दशांश दाखवणारा एक तराजू आहे. मातीतलं गंधक आम्ही मुलांकडून दरवर्षी मोजून घेतो. ०.१५ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात माती हलवायची, गाळायची, बेरियम क्लोराइड टाकायचं आणि किती गढूळ झालं ते बघायचं. दहा पीपीएमच्या खाली आलं की माती गंधकाला कमी. तेव्हा मला वाटलं, शेवाळाचंही तसंच असणार, एका दुपारचं काम. त्याला पुढे चार महिने लागले. तुम्हाला इतके लागू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी एक ठरवून घ्या, कोणतं गंधक मोजायचं आहे? शेवाळात ते एका ठिकाणी नसतं. एक म्हणजे समुद्राच्या पाण्यातलं साधं सल्फेट, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेलं गंधक. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. ते शेवाळाच्या अंगावर मिठाबरोबर वाळतं, शिवाय पेशींच्या आतल्या पाण्यातही असतं. दुसरं साखरेच्या लांब साखळ्यांना चिकटलेलं. लाल शेवाळातलं कॅराजीनन, तपकिरीतलं फ्युकॉयडन, हिरव्यातलं उल्व्हन, या सगळ्यांवर सल्फेटचे गट बसलेले असतात. याला एस्टर सल्फेट म्हणतात आणि शेवाळाचा अभ्यास करणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच हवं असतं. तिसरं प्रथिनांमधलं, आणि चौथं डीएमएसपी नावाचं एक संयुग, ज्याच्याबद्दल खाली सांगते, कारण ते नाकाने कळतं. माती तपासायची पद्धत फक्त पहिलं दाखवते. बेरियम मोकळ्या सल्फेटला धरतो. साखरेला बांधलेलं सल्फेट त्याच्या समोर असलं तरी तो त्याचा अवक्षेप (न विरघळणारा पांढरा गाळ) पाडत नाही. ते आधी ऍसिडमध्ये उकळून सोडवावं लागतं.

हे न कळल्यामुळे माझा पहिला महिना गेला.

आता माल. बाटलीत शेवाळाशिवाय आणखी काय काय घातलंय ते लेबलवरून कळत नव्हतं, म्हणून पद्धत बसवायला खरं शेवाळ हवं होतं. दिवाळीनंतर आमची सहल रत्नागिरीला गेली, तेव्हा ओहोटीला खडकांवरून मुलांनी सर्गॅसम आणि उल्व्हा गोळा केलं. सर्गॅसम तपकिरी, बारीक फुग्यांचं. उल्व्हा पातळ हिरवं, कोथिंबिरीच्या जुडीला लागलेल्या ओल्या पॉलिथिनसारखं. आमच्या पोरांपैकी निम्म्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता, त्यामुळे शेवाळापेक्षा फोटो जास्त गोळा झाले. खडकाला धरून असलेलंच घ्या. किनाऱ्यावर लोटून आलेलं सडायला लागलेलं असतं. वाळू, शंख, किडे तिथेच समुद्राच्या पाण्यात झटकून टाका. मग गोड्या पाण्याच्या बादलीत दोनदा बुचकळून लगेच बाहेर. भिजत ठेवू नका, नाहीतर आतलं विरघळणारंही निघून जातं.

आमच्या दोन पिशव्या मुलांनी न धुताच वाळवल्या. दारव्ह्याला पोचेस्तोवर त्यांच्यावर पांढरी बुरशी आली असं वाटलं. हात लावून पाहिलं तर मीठ. त्या पिशव्या मी फेकल्या नाहीत आणि ते बरं झालं, कारण धुतलेलं आणि न धुतलेलं शेजारी शेजारी मोजता आलं.

वाळवताना ओव्हन ६० अंशांवर ठेवा, वजन स्थिर होईपर्यंत. हाताने कुसकरलं की पापडासारखं मोडलं पाहिजे. मिक्सरमध्ये बारीक करून चहाच्या गाळणीपेक्षा बारीक चाळणीतून काढा आणि हवाबंद डबीत ठेवा. मिक्सरचं भांडं वेगळं घ्या. मी घरचं नेलं होतं, सासूबाईंनी ते परत घेतलं नाही.

मोजण्याची पद्धत जुनी आहे. डॉजसन आणि प्राइस यांनी १९६२ साली मांडलेली, बेरियम क्लोराइड आणि जिलेटिनची. महाग यंत्र नसलेल्या लॅबला यापेक्षा सोयीची दुसरी मला माहीत नाही. तत्त्व मातीच्याच परीक्षेचं : बेरियम आणि सल्फेट भेटले की बेरियम सल्फेटचे पांढरे कण तयार होतात. जिलेटिन त्या कणांना खाली बसू देत नाही, त्यामुळे गढूळपणा बराच वेळ एकसारखा राहतो आणि मोजता येतो.

जिलेटिनचं द्रावण आदल्या दिवशी करायचं. १०० मिली डिस्टिल्ड पाणी ६० ते ७० अंशांवर गरम करा, त्यात अर्धा ग्रॅम जिलेटिन विरघळवा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं बाजूला काढा (ते पुढे लागणार आहे) आणि उरलेल्यात दर १०० मिलीला अर्धा ग्रॅम बेरियम क्लोराइड विरघळवा. मग दोन-तीन तास तसंच राहू द्या. ते किंचित धुरकट होतं. घाबरू नका, धुरकट व्हायलाच हवं. जिलेटिनमध्ये मुळात थोडं सल्फेट असतं, त्याचे बारीक कण आधीच बनून बसतात आणि नंतरचे कण त्यांच्याभोवती सारखे वाढतात. फ्रिजमध्ये आठवडाभर चालतं. आमच्याकडे लाइट गेली की फ्रिज जातो, म्हणून मी लागेल तेवढंच करते.

एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, जिलेटिन जनावरांच्या हाडांचं असते न? चायना ग्रास वापरू का?" प्रश्न चांगला आणि उत्तर नाही. चायना ग्रास म्हणजे अगार, तेही समुद्री शेवाळातूनच निघतं आणि त्याच्यावरही थोडं सल्फेट असतं. ज्याचं माप काढायचं तेच मापात मिसळलं तर काय उरलं? पण तिच्या प्रश्नातून एक उपयोगी गोष्ट निघाली. किराणा दुकानातलं चायना ग्रास आम्ही नमुना म्हणून तपासायला घेतलं. अगारमध्ये सल्फेट कमी, कॅराजीननमध्ये भरपूर. कॅराजीननच्या तीन जातींमध्ये दर दोन साखरांमागे कप्पाला एक सल्फेट, आयोटाला दोन, लॅम्डाला तीन असा हिशेब असतो. तेव्हा एका टोकाला चायना ग्रास आणि दुसऱ्या टोकाला केमिकलवाल्याकडून आणलेलं कॅराजीनन, असे दोन नमुने दर खेपेला सोबत लावते. चायना ग्रास जास्त आणि कॅराजीनन कमी दाखवायला लागलं तर समजा हात चुकतोय.

सोडवण्यासाठी : १०० मिलिग्रॅम भुकटी स्क्रू झाकणाच्या जाड काचेच्या ट्यूबमध्ये घ्या, झाकणाला आतून टेफ्लॉनची चकती हवी. त्यात १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ऍसिड ८ मिली. (बाटलीतलं तीव्र ऍसिड ८६ मिली, पाण्यात ओतून एक लिटर. ऍसिड पाण्यात, पाणी ऍसिडमध्ये नाही, हे मी वर्गात वर्षाला चाळीसदा म्हणते.) झाकण घट्ट, १०५ अंशांना पाच तास. ओव्हनचा दरवाजा लगेच उघडू नका, ट्यूबच्या आत दाब असतो. थंड झाल्यावर गाळा आणि त्याच ऍसिडने १० मिली करा. कॅराजीननसारख्या सल्फेटने भरलेल्या नमुन्याला २५ मिलिग्रॅमच पुरे.

गाळलेलं पाणी तपकिरी निघेल, कडक चहासारखं. साखर ऍसिडमध्ये जळते त्याचा तो रंग. हाच रंग पुढे फसवतो, कारण कलरीमीटरला तपकिरी आणि गढूळ यातला फरक कळत नाही.

स्टँडर्ड म्हणजे सल्फेट नेमकं माहीत असलेली द्रावणं; त्यांच्या रीडिंगचा आलेख काढून नमुन्याचं सल्फेट वाचायचं. त्यासाठी पोटॅशियम सल्फेट ओव्हनमध्ये वाळवून १८१.४ मिलिग्रॅम घ्या, १ नॉर्मल ऍसिडमध्ये १०० मिली करा. झालं, मिलीला एक मिलिग्रॅम सल्फेट. यातून पातळ करत ०.१, ०.२५, ०.५ आणि ०.७५ ची द्रावणं करा, पातळ करायलाही तेच ऍसिड. प्रत्येकाचे ०.२ मिली घेतले की ट्यूबमध्ये अनुक्रमे २०, ५०, १०० आणि १५० मायक्रोग्रॅम सल्फेट जातं आणि मूळ द्रावणातून २००.

आता प्रत्यक्ष. ट्यूबमध्ये ०.२ मिली नमुना, ३.८ मिली ३ टक्क्यांचं ट्रायक्लोरोऍसेटिक ऍसिड, मग १ मिली जिलेटिन-बेरियम. (ट्रायक्लोरोऍसेटिक ऍसिड कातडी जाळतं, हातमोजे घाला.) झाकून दोनदा उलटीपालटी करा आणि स्टँडला ठेवा. उजेडाकडे धरून बघा : सुरुवातीला काहीच नाही. मग ट्यूबच्या मध्यात, विरजण लागताना दुधाच्या कडेला येते तशी एक निळसर झाक येते, आणि बघता बघता सगळं पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं. दहा-बारा वर्षं शिकवते आहे, तरी मी दर वेळी एक ट्यूब तशी धरून बघतेच. पंधरा ते वीस मिनिटांनी रीडिंग घ्या आणि सगळ्या ट्यूबना तेवढाच वेळ द्या. मूळ पद्धत ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचते. आमचा कलरीमीटर तिथवर जात नाही, म्हणून मी ४२० चा निळा फिल्टर लावते. कण प्रकाश विखुरतात, ते एकाच तरंगलांबीवर अडून नसतं. ४२० वर रीडिंग थोडी लहान येतात एवढंच, आणि स्टँडर्डही त्याच फिल्टरवर वाचलेली असल्यामुळे हिशेब बिघडत नाही.

बाजूला काढलेलं बिनबेरियमचं जिलेटिन आता कामाला येतं. प्रत्येक नमुन्याची दुसरी ट्यूब लावा, सगळं तेच, फक्त बेरियमऐवजी हे साधं जिलेटिन. तिथे जे रीडिंग येईल ते नुसत्या तपकिरी रंगाचं. ते वजा करा. मी ही पायरी पहिल्या खेपेला आळसाने सोडली होती आणि सर्गॅसमचं सल्फेट जवळजवळ दीडपट आलं होतं.

आणि ब्लँक. नमुन्याऐवजी ०.२ मिली नुसतं ऍसिड घातलेली ट्यूब जवळजवळ स्वच्छ राहिली पाहिजे. नोव्हेंबरात सलग तीन दिवस माझी ब्लँक दुधाळ येत होती. जिलेटिन बदललं, बेरियमची नवी बाटली फोडली, ऍसिड नव्याने केलं. शेवटी चौथ्या दिवशी सकाळी लवकर गेले, तर आमचे शिपाईदादा नळाखाली ट्यूब घासत होते, कपड्यांच्या वॉशिंग पावडरने. "मॅडम, तुमाले चकाचक पायजे न, म्हून." धुण्याच्या पावडरीत सोडियम सल्फेट भरीला घातलेलं असतं. त्यातून नळाला बोअरचं पाणी, त्यातही सल्फेट. ट्यूब चकाचक होत्या आणि आतून सल्फेटने माखलेल्या. तेव्हापासून या कामाच्या ट्यूबना वेगळा डबा आहे, त्यावर दादांनीच खडूने लिहिलंय : "साबन लावू नये". पातळ हायड्रोक्लोरिक ऍसिडमध्ये रात्रभर बुडवून डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खंगाळायच्या, बस.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात आमची लॅब चाळिशीच्या पुढे असते, जिलेटिन पातळ पडतं आणि कण कसेही वाढतात. सकाळी आठच्या आत उरकता आलं तर करा. स्टँडर्डचा कालचा आलेख आज वापरायचा नाही, दर वेळी नमुन्यांसोबत नवीन.

हिशेब एका खऱ्या रीडिंगवर दाखवते. धुतलेल्या सर्गॅसमच्या ट्यूबमध्ये रंग वजा जाता आलेखावर ८६ मायक्रोग्रॅम आले. ते ०.२ मिलीत, म्हणजे मिलीला ४३०. सगळे १० मिली म्हणजे ४३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४.३ मिलिग्रॅम, आणि भुकटी १०० मिलिग्रॅम होती. तेव्हा ४.३ टक्के. न धुतलेल्या पिशवीचं त्याच दिवशी ६.१ आलं. मधला फरक मिठाचा, शेवाळाचा नाही.

पण ४.३ हेही सगळं साखरेवरचं नाही. मोकळं सल्फेट वेगळं काढायला त्याच भुकटीचे १०० मिलिग्रॅम थंड डिस्टिल्ड पाण्यात पंधरा मिनिटं हलवा, गाळा, न उकळता तीच परीक्षा करा. माझं १.१ आलं. ४.३ मधून १.१ गेले, उरले ३.२, हे एस्टर सल्फेट. लिहिताना तिन्ही आकडे लिहा, आणि पुढे स्पष्ट लिहा की हे सल्फेट आहे, गंधक नाही. सल्फेटचे आकडे ०.३३४ ने गुणले की गंधक. हा गुणाकार राहिला की आकडा तिप्पट दिसतो, आणि विकणाऱ्याला तिप्पटच आवडतो.

कलरीमीटरवर विश्वास नसेल तर वजनाने पडताळा घ्या. एक ग्रॅम भुकटी तशीच उकळून, गाळून, गरम द्रावणात थेंब थेंब बेरियम क्लोराइड, मग वॉटरबाथवर तास-दोन तास. बिनराखेच्या फिल्टर पेपरवर गाळायचं, धुवण सिल्व्हर नायट्रेटला पांढरं देईनासं होईपर्यंत गरम पाण्याने धुवायचं, आणि मफलमध्ये ८०० अंशांना जाळून वजन. वजन गुणिले ०.४११६ म्हणजे सल्फेट. कागद आधी मंद आचेवर, हवा खेळती ठेवून जाळा. कोंडून जाळला तर कागदाचा कोळसा बेरियम सल्फेटचं सल्फाइड करून टाकतो आणि वजन कमी भरतं.

प्रथिनांमधलं आणि डीएमएसपीमधलं गंधक या दोन्ही पद्धतींत येत नाही. एकूण गंधकासाठी नायट्रिक आणि पर्क्लोरिक ऍसिडमध्ये पचवतात. पर्क्लोरिकला योग्य फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून टाकणारं बंदिस्त कपाट) लागतो, आमच्याकडे नाही, मी करत नाही, तुमच्याकडे नसेल तर तुम्हीही करू नका.

डीएमएसपीची गंमत मात्र करून बघा. उल्व्हामध्ये ते बरंच असतं. ताज्या किंवा ताजंच गोठवलेल्या उल्व्हाचा तुकडा छोट्या बाटलीत घालून कॉस्टिक सोड्याचं द्रावण टाका आणि झाकण घट्ट लावा. अशा अल्कलीत डीएमएसपी तुटतं आणि एकास एक डायमिथाइल सल्फाइड वायू सुटतो. दुसऱ्या दिवशी लांबूनच झाकण किंचित उघडा : मक्याची कणसं उकडताना येतो तो वास, मागे थोडी कोबीची झाक. आपण ज्याला समुद्रकिनाऱ्याचा वास म्हणतो त्यात याचा मोठा वाटा आहे. मोठ्या लॅबमध्ये हाच कोंडलेला वायू सुईने ओढून गॅस क्रोमॅटोग्राफला (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) देतात आणि डीएमएसपी मोजतात. आम्ही नाकावर थांबलो. वाळवलेल्या उल्व्हाला वास फारच कमी आला, म्हणून हे मोजायचं असेल तर नमुना बर्फात आणायचा.

सगळ्यात टोकाचं शेवाळ आपल्या किनाऱ्यावर नाही. थंड समुद्रातलं डेस्मारेस्टिया पेशींमध्ये चक्क सल्फ्युरिक ऍसिड साठवतं. एका बादलीत दुसऱ्या शेवाळांसोबत ठेवलं तर स्वतः फुटतं आणि शेजाऱ्यांनाही जाळतं.

उरलेलं बेरियमचं पाणी मोरीत ओतू नका. बेरियम क्लोराइड विषारी आहे. एका बरणीत साठवा, भरपूर सोडियम सल्फेट टाका, सगळा बेरियम पांढरा होऊन खाली बसतो. तो न विरघळणारा, पोटाच्या एक्स-रेला पाजतात तोच. गाळ वाळवून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

आता मामाजींची बाटली. वीसपट पातळ करून, वरच्याच पद्धतीने उकळून मोजली. लिटरला १२ ग्रॅम सल्फेट, म्हणजे ४ ग्रॅम गंधक. त्यातलं जवळजवळ सगळं मोकळं, साखरेवरचं नावालाच. याचं कारण नंतर लक्षात आलं. कॅपाफायकस नावाचं लाल शेवाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पिकवतात. ताजं पिळून निघालेला रस शेतीला वापरायचा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढायचं, ही रीत भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने बसवली. बाटली जर अशाच रसाची असेल, तर सल्फेटने लदलेलं कॅराजीनन चोथ्यात राहिलं आणि बाटलीत आला तो खारट रस.

संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर मामाजींना हिशेब मांडून दाखवला. बाटलीवर मात्रा एकरी अर्धा लिटर, म्हणजे २ ग्रॅम गंधक. सोयाबीनला हेक्टरी २० किलो धरलं तरी एकरी ८ किलो लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या एका गोणीत ११ टक्क्यांनी साडेपाच किलो येतं. फवाऱ्याने शेंगा वाढत असतील तर त्या दुसऱ्या कशाने, ते मी मोजलेलं नाही, हेही सांगितलं.

मामाजींनी चष्मा पुसला, दोन ग्रॅम आणि आठ किलो यांच्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "म्हंजे चार हजार बाटल्या-फवारे."

"हो, एकरी."

"आन तूले हे पाहाले चार महिने लागले?"

उरलेली बाटली त्यांनी परसातल्या वांग्यांवर मारली.